चुकलेला कान

ह्या तालुक्यात चार चौकांत माझे पुतळे उभे आहेत.

खोटं वाटत असेल तर येऊन बघा. फक्त येताना मान खाली घालून या, कारण वरचे चेहरे दुसऱ्यांचे आहेत. गुडघ्याखालचा सगळा मी.

सेनापतीची पोटरी माझी. साधूची टाच माझी. कचेरीसमोर पुस्तक धरून जे विद्वान गृहस्थ उभे आहेत, त्यांच्या पायाचा वाकडा अंगठा बैलाच्या खुराखाली सापडलेला, म्हणजे माझाच. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या अंगठ्यावर पोरं परीक्षेच्या आधी डोकं टेकवतात. पास होतात का, ते मी विचारत नाही.

हे पाय मातीत उतरवले केरबा मेस्त्रींनी. माझ्या अक्काचे यजमान, म्हणून आमचे दाजी. मेहुणा घरचाच, त्याला नाही म्हणता येत नाही, एवढ्या एका कारणावरून त्यांनी मला जन्मभर चौरंगावर उभं केलं.

तर ह्या दाजींनी त्या दुपारी आपल्याच शिल्पशाळेत उभं राहून विचारलं,

“कुणाची शेवटची?”

अभयकुमारांनी हात जोडले. “तुमची, गुरुजी. ही तुमची शेवटची कलाकृती.”

दाजींनी वाकून स्वतःचे पाय बघितले. जागेवर होते. मग माझ्याकडे वळले.

“दौलू, मी गेलो काय रं?”

सकाळपासून दोनदा चहा झालाय, असं मी सांगितलं. गेलेला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.

अभयकुमार हसले नाहीत. मोठ्या माणसांना हसायचं असेल तर आधी कळवावं लागतं.

अभयकुमार चौगुले म्हणजे दाजींचे पट्टशिष्य. मिसरूड फुटायच्या आधी शिल्पशाळेत आले, हौदातली माती तुडवून मोठे झाले. आता पुण्याकडं त्यांचा कारखाना आहे. तिथं यंत्र पुतळे मोठे करतं, माणसं ते घासतात, आणि अभयकुमार उद्घाटनाला जातात. पण गुरूवरची भक्ती खरी. तिची थट्टा मी करणार नाही. म्हणजे थोडीच करीन.

अक्का गेली, तेव्हा दाजींनी तिचा खांद्यापर्यंतचा पुतळा घडवायला घेतला. मातीचा, आठवणीवरून. तो अर्ध्यावर आला आणि दाजींची उजवी बाजू गेली. पुढं पाय सुधारला, जीभ सुधारली. उजवा हात मात्र खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा राहिला.

अभयकुमार धावत आले. ओक्साबोक्शी रडले, आणि त्याच दिवशी शिल्पशाळेला कुलूप घातलं. आत जे जसं आहे तसंच राहील म्हणाले. मग दोऱ्या आल्या, काचा आल्या, पाट्या आल्या. दारावर लिहिलं, ‘केरबा मेस्त्री यांची शिल्पशाळा, जशी होती तशी’. आत लिहिलं, ‘हात लावू नये’. आणि राखणीला मला बसवलं. माझ्या हातात किल्ली देणारा माणूस भाबडाच म्हणायचा.

लोक येत. चपला बाहेर काढत, आवाज उतरवत, आणि मला विचारत, मेस्त्री कधी वारले?

मी ओसरीकडे बोट दाखवायचो. कोपऱ्यात बसलेत, त्यांनाच विचारा.

काचेतल्या चपलांना लोक नमस्कार करत. दाजींच्या चपला कुत्र्यानं कधीच पळवल्या होत्या. काचेत होत्या त्या माझ्या. म्हणजे पायांपुरता मी तिथंही होतोच. आणि मेस्त्रींच्या शेवटच्या चहाचा कप जसा होता तसा ठेवायचा, तर मला अधूनमधून नवा चहा करून, अर्धा पिऊन, उरलेला उन्हात वाळवावा लागे. जशी होती तशी ठेवणं म्हणजे काय मेहनत असते, ते मला विचारा.

दाजी ओसरीवर असायचे. त्यांच्या आणि शिल्पशाळेच्या मध्ये गजांची एक खिडकी. रोज सकाळी ते तिच्यासमोर उभे राहायचे, आतल्या अक्काकडं बघायचे, आणि जाताना हातातला तांब्या गजांतून आत ओतायचे.

मला वाटायचं, म्हातारपण. तुळशीचं पाणी खिडकीला जातंय.

दुसरा छंद कणकेचा. चूल माझ्याकडं होती, पण कणीक दाजी मळायचे, डाव्या हातानं. आमटीत सोडायच्या चकोल्यासुद्धा तेच करायचे. लोक लाटून सुरीनं कापतात. हे एकेक चिमटायचे, वाकवायचे, कड दुमडायचे. झाली की उजेडात धरून बघायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. इकडं आमटी आटून जायची. मी म्हणायचो, दाजी, पोटात जायची आहे ती, चौकात बसवायची नाही. ते पुढची चिमटायला घ्यायचे.

मी खाऊन टाकायचो.

आता त्या दुपारकडं येतो.

दुसऱ्या दिवशी शिल्पशाळेचा मोठा समारंभ होता. पाहुणे, हार, भाषणं. त्याआधी सकाळी मुंबईचा एक जाणकार येऊन अक्काच्या पुतळ्यावर कसलंसं पारदर्शक औषध मारणार होता. माती वाळून खडखडीत झाली होती, गळ्याशी एक भेग गेली होती. औषध बसलं की आत पाणी जाणार नाही, हवा जाणार नाही. शंभर वर्षं काही होणार नाही म्हणाले. वर पुन्हा काच.

म्हणून आदल्या दिवशी अभयकुमारांनी गुरुजींना मानानं आत आणलं. दाखवायला.

दाजींना दाजींची शिल्पशाळा.

मी जीभ दातांत धरून मागं चालत होतो. अभयकुमार सांगत होते, ही तुमची हत्यारं, हा तुमचा चौरंग, हा हौद, इथून तुम्ही माती काढायचा. दाजी मान हलवत होते, जणू नवीनच कळतंय. एकदा त्यांचा पाय दोरीला लागला. अभयकुमारांनी हलकेच दंड धरून त्यांना अलीकडं घेतलं. दाजींनी माफी मागितली.

दोरीची.

मग अभयकुमारांनी पुतळ्यावरचा दिवा लावला, आणि ते शेवटच्या कलाकृतीचं बोलले, आणि दाजी गेले की नाहीत ते आमचं ठरलं. ते वर सांगितलंच.

दिव्यात अक्का उभी होती. डोक्यावरचा पदर, कपाळ, मिटलेले ओठ. उजवा गाल नुसताच थापलेला. डाव्या बाजूला पदर जरा मागं सरकवलेला आणि कान पुरा झालेला.

“हा कान...” अभयकुमार म्हणाले, आणि त्यांचा आवाज भाषणाचा झाला. उद्या हेच बोलायचं होतं, तालीम आमच्यावर. कान किंचित मागं वळलाय म्हणाले, जणू काकू पलीकडचं काही ऐकतायत. गुरुजींची सगळी साधना ह्या एका कानात उतरली आहे. पुढंही बरंच बोलले. मला त्यातला ‘अनंत’ एवढाच शब्द कळला, कारण त्या नावाचा माझा एक चुलता होता.

दाजी कानाकडं बघत राहिले.

“चुकलाय,” ते म्हणाले.

“काय, गुरुजी?”

“कान.”

अभयकुमारांना वाटलं, विनय. त्यांनी पुन्हा हात जोडले. चुकलेला नाही गुरुजी, तुम्ही तो वळवलाय, असं गुरुजींना समजावून सांगितलं.

“वळवला न्हाई. मला जमला न्हाई.”

...

त्याचं असं झालं होतं. अक्काचा पदर जन्मभर कानावरून ढळला नाही. दाजींनी तिचे हात बघितले, कपाळ बघितलं, राग तर पुष्कळ बघितला. कान तेवढा राहिला. तो त्यांनी अंदाजानं केला, फसला, आणि उद्या नीट करू म्हणून झोपायला गेले. ती उद्या उजाडली तेव्हा हात गेला होता. आणि मग खोलीला कुलूप. तेव्हापासून रोज सकाळी खिडकीतून तो चुकलेला कान त्यांच्याकडं बघत होता, आणि लोक त्याला नमस्कार करत होते.

“उद्या औषध मारलं,” दाजी म्हणाले, “की ती शंभर वरसं दुसऱ्याच्या कानानं ऐकणार.”

अभयकुमारांनी गुरुजींच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग फार हळू म्हणाले, गुरुजी, आता हात कुठं चालतो. नीट कोण करणार?

खरं होतं. म्हणूनच बोलायला नको होतं. बोलल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं.

दाजींनी राग धरला नाही. म्हणाले,

“तहान लागली.”

मी फुलपात्र आणलं. त्यांनी ते बघितलंही नाही.

“घागर आण.”

मला वाटलं, थट्टा आहे. थट्टेला मी कधी नाही म्हणत नाही. भरलेली घागर आणून ठेवली आणि विचारलं, एवढं पिणार कोण?

दाजींनी अक्काकडं हनुवटी केली.

काय चाललंय ते आम्हाला कळायच्या आत ते दोरीखालून वाकून पलीकडं गेले होते. घागर डाव्या हातानं उचलली, छातीशी टेकवली, आणि अक्काच्या डोक्यावर ओतली. सावकाश. एखाद्या लेकराला न्हाऊ घालावं तशी.

वाळलेली माती पाणी पिते ते कधी ऐकलंय? चुर्र होतं. बारीक बुडबुडे येतात. अर्धवट ओली माती पाणी घेत नाही, नुसती वरून निसरडी होते. खडखडीत वाळलेली मात्र घटाघटा पिते. हे दाजींनी मला पूर्वी अनेकदा सांगितलं होतं. मला वाटायचं, मला टोमणा मारतायत.

अभयकुमार ओरडून पुढं झाले आणि दोरीशी येऊन थांबले. दोरी त्यांचीच, थांबायची सवयही त्यांचीच.

पहिल्यांदा कान सुटला. दाजींचा डावा तळवा खाली तयारच होता.

“गुरुजी...” अभयकुमारांचा आवाज फुटला. “काकूंचं एवढंच उरलं होतं.”

“व्हय,” दाजी म्हणाले. “म्हणून तर.”

कपाळ ओघळलं. ओठ ओघळले. आतला सांगाडा दिसायला लागला. मी माझ्या बहिणीला दुसऱ्यांदा जाताना पाहत होतो, आणि दाजी मात्र बाजारात आवडीची भाजी मिळालेल्या माणसासारखे दिसत होते.

“हात पुढं कर,” ते शिष्याला म्हणाले.

अभयकुमारांनी केला. दाजींनी तो ओला कान त्यांच्या तळहातावर ठेवला.

“मळ.”

अभयकुमार तळहाताकडं बघत राहिले. मान वर न करता म्हणाले, मी आता मळत नाही, गुरुजी. त्याला माणसं आहेत.

दाजींनी आवाज चढवला नाही.

“मग तुझी शेवटची कवा झाली?”

...

माझ्यासारखा टपून बसलेला माणूस. अशा वेळी माझ्या तोंडातून काही ना काही निसटतंच. त्या वेळी नाही निसटलं.

अभयकुमारांनी हाताची मूठ मिटली. कान बोटांमधून वर आला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं आणि दातांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, माझ्याकडं दिलं, आणि दोरीच्या गाठीला हात घातला. गाठ त्यांनीच मारली होती, पक्की. सुटायला वेळ लागला. पण सोडलीच.

“हौद उघड,” दाजी मला म्हणाले.

अभयकुमार म्हणाले, इतक्या वर्षांत त्याचा दगड झाला असेल. मलाही तेच वाटत होतं. मी फळ्या बाजूला केल्या...

आत माती काळीभोर, ओली, म्हशीच्या पाठीसारखी चकाकत होती. तळ्याचा वास आला. हौद खिडकीच्या बरोबर खाली आहे आणि फळ्यांत भरपूर फटी आहेत, हे मला रोज झाडू मारूनही दिसलं नव्हतं.

रोजचा तांब्या.

जन्मभर मी गावाला बनवलं. आणि ह्या माणसानं माझ्या नाकासमोर, माझ्याच राखणीत, रोज सकाळी मला बनवलं. काय सांगू, मला त्याचा इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली.

ह्या शाळेत मातीला सुट्टी नसते. साचा निघाला की पुतळ्याची माती परत हौदात. तळ्यावरून नवी आणली तर तिच्यात जुन्याचा एक गोळा घालायचा, विरजणासारखा. सेनापती त्या मातीचा झाला, मग तीच तुडवून साधू झाला, मग विद्वान. माझे पाय तर किती वेळा तुडवले गेले, आणि तेही माझ्याच पायांनी. आता अक्काचं कपाळ, ओठ, सगळं आम्ही ओंजळींनी उचलून हौदात घातलं.

मळायला पाट हवा होता. मी भिंतीवरची ‘हात लावू नये’ ही पाटी काढली आणि अभयकुमारांपुढं आडवी ठेवली. त्यांनी ती वाचली. मग तिच्यावर गोळा आपटला.

मळता मळता त्यांनी विचारलं, मग गुरुजी, जतन करायचं ते काय?

दाजींनी कोपऱ्यातला रिकामा तांब्या उचलला आणि त्यांच्या मांडीशी ठेवला.

मग दाजींनी डाव्या हातात लिंबाएवढी माती घेतली. चिमटली, वाकवली, कड दुमडली. उजेडात धरली. मोडली. पुन्हा केली.

तो चिमटा मी ओळखला. आणि इतकी वर्षं मी आमटीतून काय खात होतो, तेही मला कळलं.

“दौलू, चौरंगावर.”

मी सवयीनं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन उभा राहिलो.

“पाय नकोत. बस.”

बसलो.

“कान दाव.”

आम्हा भावंडांचे कान सारखे; ओसरीवर बसून दाजींनी ते कधी ताडलं, मला कळलंच नाही. वरची कड आत मुडपलेली, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखी. बापाचाही तसाच होता. मी उजवी बाजू पुढं केली. दाजींनी बोटानं माझं डोकं फिरवलं. म्हणाले, तो मास्तरांनी बिघडवलाय. डावा.

मी मास्तरांविषयी दोन शब्द बोलणार होतो. पण दाजी इतक्या जवळून बघत होते, की त्यांचा श्वास लागत होता.

ऊन खिडकीतून आत आलं आणि पाटीवर सरकलं. एक कान मोडला. दुसरा मोडला. अभयकुमार कोपरापर्यंत मातीत, रेशमी झब्बा बरबटलेला, गोळ्यामागून गोळे देत होते. मध्येच त्यांना काय झालं कोण जाणे, स्वतःच्या हातांकडं बघून हसायला लागले. कुणी आधी कळवलेलं नसताना.

औषधवाल्याला त्यांनीच फोन केला, मातीच्या बोटांनी. येऊ नका म्हणाले. मी विचारलं, उद्याच्या पाहुण्यांचं काय? म्हणाले, येऊ देत. माती तुडवायला पाय लागतीलच.

आणि मग एक कान मोडला नाही.

दाजींनी सांगाड्यावर माती थापली आणि तो कान जागेवर बसवला. मागं सरकले. मी मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं.

अक्काचा कान. बुगडी अडकवायची ती वरची कड, तशीच आत मुडपलेली. लहानपणी ह्याच कानात मी सगळ्या गावाच्या खोट्या चहाड्या सांगायचो. ती माझा डावा कान पिरगाळायची, आणि तरी पुढची चहाडी ऐकायला वाकायची...

पुढची चहाडी तोंडात आलीच नाही. मी बसून राहिलो. किती वेळ, ते मला ठाऊक नाही.

दाजींचा हात थांबला नव्हता. त्यांची नजर माझ्या कानावरून गालावर आली, गालावरून ओठांवर. तिकडं मातीत गाल आला. ओठांची कड आली. वाकडीतिकडी नाही, डावी-उजवी नाही. नुसती अक्का येत होती.

अभयकुमारांचे हात पाटीवर थांबले. ते मातीकडं बघत, मग माझ्याकडं, मग पुन्हा मातीकडं.

“काकू...” एवढंच म्हणाले.

मग मला राहवलं नाही.

“दाजी, माझ्या तोंडावर अक्का होती, तर जन्मभर माझे पायच का बघत बसलात?”

दाजींनी मातीवरची नजर काढली नाही.

“तू गप कवा बसलास?”